खोलीतल्या हवेला मार्क कोण देतं?

एखादी इमारत भूकंपात टिकेल का, आग लागली तर माणसं वेळेत बाहेर पडतील का, जिना पुरेसा रुंद आहे का, हे सगळं मोजता येतं. पण त्याच इमारतीत आत बसल्यावर बरं वाटतं का, हे कसं मोजायचं? तर त्यालाही आज आकडे आहेत, प्रमाणपत्रं आहेत, ए-बी-सी अशा श्रेण्यासुद्धा आहेत. माझं पीएचडीचं काम याच आकड्यांवर चालतं. भौतिकशास्त्रात एमएस्सी केलेली मुलगी शाळांच्या वर्गांतून "तुम्हाला उकडतंय का?" असं विचारत का फिरते, हा प्रश्न घरचे अजूनही विचारतात. म्हणून आज हे आकडे आले कुठून, ते सांगते.

आधी एक सांगून ठेवते. इमारतीच्या आतल्या हवामानात तज्ज्ञ लोक चार गोष्टी धरतात: उष्णता, हवेचा ताजेपणा, उजेड आणि आवाज. उजेड-आवाज आज बाजूला ठेवू, नाहीतर हा लेख संपायचा नाही. उरलेल्या दोन गोष्टींचा इतिहास वाचताना मी प्रत्येक आकड्याला एकच प्रश्न विचारते: हा आकडा काढला तेव्हा खोलीत कोण बसलं होतं?

कारखान्यातल्या हवेचा हिशेब सुरू झाला तेव्हा महत्त्वाचं होतं ते सूत. कोरड्या हवेत कापसाचं सूत ठिसूळ होतं आणि मागावर तुटतं. म्हणून इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या विणकाम शेडमध्ये चक्क वाफ सोडत. धागा खूश, विणकर घामाने निथळतोय. ओरड झाली आणि १८८९ साली तिथे कापड कारखान्यांसाठी स्वतंत्र कायदा आला. शेडमध्ये दोन थर्मामीटर शेजारी-शेजारी टांगायचे, एक साधा आणि एक ओल्या कापडात गुंडाळलेला. साध्याचा आकडा इतका असेल तर ओल्याचा तितक्याच्या वर जायचा नाही, असं कोष्टक कायद्याला जोडलं होतं. ओल्या थर्मामीटरची गंमत अशी, की त्याच्या कापडातलं पाणी उडून जाताना तो गार होतो, अगदी घाम वाळताना आपण गार होतो तसा. हवा आधीच दमट असेल तर पाणी उडत नाही आणि दोन्ही आकडे जवळ येतात. हे दोन आकडे जवळ येणं म्हणजे कामगाराचा घाम वाळायचा थांबणं.

आपण शाळेत भूगोलात पाठ केलं होतं आठवतंय? "मुंबईचे दमट हवामान कापड गिरण्यांना पोषक आहे." परीक्षेत हे लिहिलं की मार्क मिळायचे. पोषक कुणाला, हे कुणी विचारलं नाही. गिरणगावातल्या शेडमध्ये जे साच्यावर उभे असायचे त्यांच्यासाठी ती हवा पोषक नव्हती, आणि कोरड्या महिन्यांत त्या हवेत आणखी ओलावा सोडला जायचा. १९२०च्या दशकात भारतीय गिरण्यांमधल्या या कृत्रिम ओलाव्याची सरकारी चौकशी झाली आणि टी. मॅलोनी यांनी तिचा अहवाल लिहिला. आपल्या १९४८च्या कारखाना कायद्यातही कृत्रिम ओलाव्यासाठी वेगळं कलम होतं, पंधरावं. तेराव्या कलमात हवा खेळती ठेवण्याबरोबरच कामगारांना वाजवी आराम मिळेल असं तापमान राखा, असं म्हटलं होतं. 'वाजवी आराम' हा शब्दप्रयोग माझ्या सगळ्या विषयाचं मूळ आहे. वाजवी म्हणजे किती?

अमेरिकेतही गोष्ट मालापासूनच सुरू होते. १९०२ साली विलिस कॅरिअरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली, कारण दमट हवेत कागद फुगायचा आणि एका रंगावर दुसरा रंग नीट बसायचा नाही. 'एअर कंडिशनिंग' हा शब्द १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर नावाच्या कापड-अभियंत्याने काढला. सूत 'कंडिशन' करतात, मग हवाही करू, असा सरळ हिशेब. म्हणजे आपल्या भिंतीवर लटकणाऱ्या त्या पांढऱ्या डब्याचं आडनाव कागदाच्या आणि सुताच्या घराण्यातलं आहे.

माणसाच्या बाजूने पहिला मोठा आकडा आला तो जर्मनीतून. म्युनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर हे रसायनशास्त्रज्ञ, आरोग्यशास्त्राचे एक संस्थापक. लोकांनी भरलेली खोली कोंदट का वाटते, हा त्यांचा प्रश्न होता. तेव्हा अनेकांना वाटायचं की आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइडच विषारी असतो. पेटेनकोफर म्हणाले, खोलीत असतो तेवढ्याने काही होत नाही. पण माणसाच्या अंगातून आणि श्वासातून आणखी बरंच काही बाहेर पडतं, ते मोजायला सोपं नाही. त्याच्या बरोबरीने वाढणारा कार्बन डायऑक्साइड मात्र मोजता येतो, तर त्यालाच खूण माना. १८५८ साली त्यांनी मर्यादा सांगितली: हजारात एक भाग, म्हणजे आजच्या भाषेत १००० पीपीएम. कोविडच्या काळात हातात मावणारी कार्बन डायऑक्साइड मीटरं घेऊन लोक वर्गखोल्या तपासत होते, तेव्हा बऱ्याच ठिकाणी हाच हजाराचा आकडा वापरात होता. दीडशेहून जास्त वर्षांनी! आणि तीच चूकही परत ऐकू येत होती, की हा वायूच विष आहे.

हवेच्या ताजेपणाचा पुढचा अध्याय नाकाने लिहिला. हार्वर्डमधले कॉन्स्टंटिन याग्लू आणि त्यांचे सहकारी यांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एका खोलीत माणसं बसवली आणि परीक्षकांना बाहेरून आत यायला लावून, वास किती येतोय याला मार्क द्यायला सांगितलं. बाहेरून आलेलाच परीक्षक का? कारण आत बसलेल्याला दहा-पंधरा मिनिटांत वास जाणवेनासा होतो. (लोकलच्या डब्यात हा प्रयोग आपण रोज फुकट करतो.) दर माणशी किती ताजी हवा लागेल, ते माणशी जागा किती आणि माणसांनी अंघोळ कधी केली यावर बदलतं, असं निघालं. पुढे १९८८ साली डेन्मार्कच्या पोव्हल ओले फँगर यांनी यासाठी एककच काढलं, 'ओल्फ'. एक ओल्फ म्हणजे बसून काम करणाऱ्या एका प्रमाणित माणसाच्या अंगातून हवेत जाणारं सगळं. तो प्रमाणित माणूस रोज ०.७ वेळा अंघोळ करतो, अशी व्याख्येतच नोंद आहे. माझ्या आजीला हे सांगितलं तेव्हा तिने उरलेल्या ०.३चं काय, असं विचारलं होतं.

हसायची गोष्ट आहे, पण मुद्दा पुढे कामाला येणार आहे. व्याख्येत एक माणूस आधीच बसलेला असतो: अमुक वयाचा, अमुक कपड्यांतला, अमुक वेळा अंघोळ करणारा.

आता उष्णतेकडे. याग्लू यांचंच आधीचं काम आहे १९२३चं, पिट्सबर्गमधलं, एफ. सी. हॉटन यांच्याबरोबरचं. शेजारी-शेजारी दोन खोल्या, एक कोरडी आणि गरम, दुसरी दमट आणि थोडी कमी गरम. माणसं या खोलीतून त्या खोलीत जायची आणि दोन्हीकडे सारखंच वाटतंय का ते सांगायची. अशा जोड्या जुळवत त्यांनी 'परिणामी तापमान' नावाचा एकच आकडा तयार केला. युक्ती सुंदर आहे, पण नंतर लक्षात आलं की दारातून आत शिरताक्षणी ओलावा कातडीला जास्त जाणवतो, तासभर बसल्यावर तेवढा नाही. त्यामुळे गार हवेत त्यांचा आकडा ओलाव्याला जरा जास्तच वजन देत होता.

इंग्लंडमध्ये लिओनार्ड हिल यांनी वेगळीच वाट धरली. हवा किती गरम, यापेक्षा ती अंगातली उष्णता किती वेगाने काढून घेते हे मोजा. त्यांचा 'काटा थर्मामीटर' (आपल्या काट्याशी त्याचा संबंध नाही, शब्द ग्रीक आहे) गरम पाण्यात बुडवायचा आणि तो १०० अंश फॅरनहाइटवरून ९५वर यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. म्हणजे एक काचेचं अंग खोलीत टांगून ते किती भरभर निवतं ते बघायचं. मला हे उपकरण फार आवडतं. त्याला वारा कळतो, साध्या थर्मामीटरला कळत नाही. पुढे लोक ते खोलीतला मंद वारा मोजायलाच जास्त वापरू लागले.

१९३६ साली थॉमस बेडफर्ड यांनी ब्रिटनच्या कारखान्यांतल्या हजारो कामगारांना ते काम करत असतानाच विचारलं: आत्ता कसं वाटतंय? सात पायऱ्यांची शिडी, एका टोकाला फार थंड, दुसऱ्या टोकाला फार गरम, मध्ये आरामात. ही सात पायऱ्यांची पद्धत थोड्या फरकाने आजही चालते, माझ्या प्रश्नावलीतही आहे. पाच वर्षांनी, १९४१ साली, अमेरिकेत कपड्यांचंही एकक ठरलं, 'क्लो'. एक क्लो म्हणजे साधारणपणे साहेबी सूट घातलेला माणूस, जो २१ अंशांना, जवळपास स्थिर हवेत बसून खूश असतो. साडी, धोतर, लुंगी यांचे क्लो कुणी मोजले? मोजले, पण पुष्कळ उशिरा. माधवी इंद्रगंटी आणि सहकाऱ्यांनी गेल्या दशकात तापवलेल्या पुतळ्याला साड्या नेसवून ते काम केलं. तीच साडी, पदर मोकळा सोडला, खोचला किंवा खांद्यावरून ओढून घेतला की तिची ऊब बदलते, असं आकड्यांत दाखवलं. तुमच्या आईला यात नवीन काही वाटणार नाही. पण मानकाच्या तक्त्यात आकडा नसला की ते गणितात नसतंच.

आता या कथेतला सगळ्यात मोठा माणूस: पुन्हा फँगर. अंघोळीच्या आकड्याच्या अठरा वर्षं आधी, १९७० साली, त्यांचं 'थर्मल कम्फर्ट' हे पुस्तक आलं आणि विषयाचं रूपच पालटलं. त्यांनी शरीराचा उष्णतेचा जमाखर्च मांडला. जमेला शरीरात तयार होणारी उष्णता, खर्चाला घाम, श्वास, किरणं आणि वारा. त्यासाठी सहा गोष्टी माहीत हव्यात: हवेचं तापमान, भोवतालच्या भिंती-छताची उष्णता, वारा, ओलावा, माणूस काय काम करतोय आणि काय घालून बसलाय. या सहांवरून समीकरण सांगतं की मोठ्या गटाला विचारलं तर सात पायऱ्यांवर सरासरी मत कुठे पडेल आणि किती टक्के लोक नाखूश असतील. सगळं अगदी अचूक जुळलं तरी ५ टक्के नाखूश राहतातच, ही प्रांजळ कबुली त्या आलेखातच आहे. १९८४ साली हे गणित आंतरराष्ट्रीय मानक झालं, आयएसओ ७७३०.

खोलीत कोण बसलं होतं? नाखूश टक्क्यांच्या आलेखामागे अमेरिका आणि डेन्मार्कमधली १२९६ माणसं आहेत, त्यातली बरीचशी कॉलेजची मुलं-मुली. कॅन्सास स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगांतले विद्यार्थी बंद कक्षात, एकसारख्या सुती शर्ट-पँटमध्ये, तीन-तीन तास बसले. फँगर यांचा निष्कर्ष होता की कपडे आणि काम सारखं असेल तर देश, वय, स्त्री-पुरुष यांनी फारसा फरक पडत नाही. हे त्यांनी तपासून सांगितलं होतं, हवेत बोलले नव्हते. पण त्या कक्षात खिडकी नव्हती. पंखा वाढवता येत नव्हता, बाह्या दुमडायच्या नव्हत्या, उठून माठाकडे जायचं नव्हतं. जे करून माणूस स्वतःला बरं करतो ते सगळं प्रयोगाच्या शिस्तीसाठी बंद होतं. कक्षापुरतं ते बरोबरच होतं. मग तेच गणित सगळ्या जगाच्या इमारतींना लावलं गेलं.

आणि त्यावर श्रेण्या बसल्या. १९९८च्या एका युरोपीय अहवालात आणि नंतर आयएसओ ७७३०च्या २००५च्या आवृत्तीत आतल्या हवामानाचे ए, बी, सी असे तीन वर्ग आहेत. उन्हाळ्यात ऑफिससाठी ए वर्ग म्हणजे २४.५ अंश, फार तर एक अंश इकडे-तिकडे. बी वर्गाला दीड अंशाची सूट, सीला अडीच. तापमान जितकं कमी हलेल तितका वर्ग वरचा. वाचताना पटतं, हॉटेलच्या तारकांसारखं. पण एक अंशाच्या पट्टीत इमारत धरून ठेवायची तर खिडक्या बंद, यंत्रणा सतत चालू आणि विजेचं बिल त्या प्रमाणात.

२०१० साली एडवर्ड अॅरेन्स, मायकेल हम्फ्रीज, रिचर्ड डी डिअर आणि हुई झांग यांनी एक साधा प्रश्न विचारला: ए वर्गाच्या पट्टीत बसलेली माणसं खरोखर जास्त खूश असतात का? प्रत्यक्ष इमारतींमधल्या सर्वेक्षणांचे मोठे संग्रह त्यांनी चाळले. ए वर्गाच्या हवेतल्या लोकांच्या समाधानात बी-सीच्या तुलनेत दखल घ्यावी असा फायदा दिसला नाही. माझ्या मते या विषयातला गेल्या वीस वर्षांतला हा सगळ्यात कामाचा पेपर आहे. ए आणि बी यांच्यातला फरक मुळात इतका बारीक आहे, की कुणी काय घातलंय आणि खुर्चीला गादी आहे का, याच्या अंदाजातच तो बुडून जातो.

आता भारतात येऊ. म्हणजे रुरकीला. इथली केंद्रीय भवन संशोधन संस्था या कथेत दोनदा येते.

पहिल्यांदा चार्ल्स वेब यांच्यामुळे. ब्रिटनच्या या संशोधकाने सिंगापूर, बगदाद, रुरकी अशा ठिकाणी माणसांना त्यांच्या रोजच्या कामाच्या जागी विचारून नोंदी गोळा केल्या होत्या. त्यातल्या रुरकी आणि बगदादच्या नोंदींचं विश्लेषण फर्गस निकोल यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलं. लोक ३० अंशांच्या पुढेही आरामात असल्याचं सांगत होते. पंखा होता, कपडे सैल होते, घाम वाळत होता. निकोल आणि हम्फ्रीज यांनी पुढे जो विचार मांडला, तो थोडक्यात असा: माणूस अस्वस्थ झाला की काहीतरी करतो, आणि करता येत असेल तर तो बऱ्याच मोठ्या पट्ट्यात खूश राहतो. १९९८ साली डी डिअर आणि गेल ब्रेगर यांनी जगभरच्या १६० इमारतींमधल्या सुमारे २१ हजार नोंदींवर हे दाखवलं आणि २००४ साली खिडक्या उघडणाऱ्या इमारतींसाठी ते अमेरिकन मानकात शिरलं. म्हणजे रुरकीच्या माणसांचं म्हणणं मानकापर्यंत पोचायला तीस वर्षं गेली, तेही अमेरिकेमार्गे.

दुसऱ्यांदा रुरकी येते ती तिथल्याच शास्त्रज्ञांमुळे. एम. आर. शर्मा आणि शराफत अली यांनी भारतीय उन्हाळ्यात भारतीय माणसांवर निरीक्षणं करून 'ट्रॉपिकल समर इंडेक्स' तयार केला, १९८६ साली तो प्रसिद्ध झाला. फँगरच्या समीकरणाला संगणक लागतो, याला पेन्सिल पुरते: ओल्या थर्मामीटरच्या आकड्याचा एक तृतीयांश, अधिक काळ्या गोळ्यातल्या थर्मामीटरच्या आकड्याचा तीन चतुर्थांश, वजा वाऱ्याच्या वेगाच्या वर्गमुळाची दुप्पट. उत्तर २५ ते ३० आलं तर बरं वाटतं, सगळ्यात छान साडेसत्तावीसला.

हे सूत्र मला का भावतं, ते सांगायला माझ्या प्रश्नावलीकडे यावं लागेल. इंग्रजीतली सात पायऱ्यांची शिडी मराठीत करायला बसले आणि दोन दिवस गेले. 'वॉर्म' म्हणजे उबदार? उबदार म्हणजे गोधडी, ते कुणाला नको असतं? 'कूल' म्हणजे गार, पण मे महिन्यात गार ही तक्रार नाही, ते बक्षीस आहे. तक्रार करायची तर आपण 'थंडी वाजतेय' म्हणतो. मधल्या पायरीवर काय लिहायचं? 'ना गरम ना थंड' लिहिलं तर लोक बुचकळ्यात पडतात. सरळ विचारलं तर "चालतंय की" असं उत्तर येतं, आणि त्यातलं किती हवेबद्दल आहे आणि किती समोर उभ्या असलेल्या पाहुण्या मुलीला बरं वाटावं म्हणून आहे, हे कळत नाही.

सगळ्यात मोठी अडचण 'उकडतंय'ची. हा शब्द शिडीवर बसतच नाही. नागपूरला मे महिन्यात ऊन तापतं, काहिली होते, गरम झळा लागतात. मुंबईत त्याहून आठ-दहा अंश कमी असतानाही 'उकडतं'. बटाटे उकडतात तसं: उष्णता आहे, पाणी आहे आणि झाकण आहे. नागपूरकर कूलर लावतो, वाळ्याचे पडदे भिजवतो आणि निभावतो. मुंबईत कूलर लावला तर त्या झाकणाखाली आणखी पाणी ओतल्यासारखं होतं. इंग्रजी शिडीवर दोघंही 'हॉट'वर खूण करतील. मराठीत मात्र ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांना दोन वेगळे इलाज आहेत.

आता सूत्र परत बघा. काळा गोळा दोन्हीकडे ३३ अंश धरू, पंख्याचा वारा सेकंदाला एक मीटर. कोरड्या गावी ओला थर्मामीटर २१ दाखवतो: ७ अधिक २४.७५ वजा २, म्हणजे २९.७५, पट्टीच्या आत. किनाऱ्यावर तोच २७ दाखवतो: ९ अधिक २४.७५ वजा २, म्हणजे ३१.७५, पट्टीच्या बाहेर. 'उकडतंय' तिथे आकड्यात दिसतं. आणि पंख्याचं खरं मोलही दिसतं. एक मीटरचा वारा दोन अंश उतरवतो. चार अंश उतरवायचे तर वारा चौपट लागतो, म्हणजे टेबलावरचे कागद उडणार.

मग आपल्या इमारतींना आपण कोणती पट्टी लावली? राष्ट्रीय इमारत संहितेच्या २००५च्या आवृत्तीत हा रुरकीचा निर्देशांकही होता आणि वातानुकूलित जागांसाठी उन्हाळ्यात २३ ते २६ अंशांची अरुंद पट्टीही होती. एकाच ग्रंथात दोन भारत. आराखडे काढताना कोणता वापरला जायचा, हे काचेच्या दर्शनी भिंतींकडे बघून ओळखता येतं. माधवी इंद्रगंटी यांनी २००८च्या उन्हाळ्यात हैदराबादच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना विचारलं, तेव्हा आरामाचा पट्टा २६ ते ३२.४५ अंशांचा निघाला, मध्य २९.२३. संहितेची पट्टी जिथे संपते, तिथे लोकांचा आराम सुरू होत होता. त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर 'भारतीयांना उकाडा चालतो' असा सोयीस्कर अर्थ निघतो. वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली राहणाऱ्यांचे हाल जास्त होते. खिडकी उघडणं हेही नेहमी हातात नसायचं, कधी समोरचं घर फार जवळ, कधी डास, कधी पैसे.

२००२ साली फँगर आणि यॉर्न टॉफ्टुम यांनी गरम देशांतल्या विनाएसी इमारतींसाठी जुन्या समीकरणात एक गुणक घातला. त्यांचं स्पष्टीकरण असं, की तिथल्या लोकांच्या अपेक्षाच कमी असतात. या गुणकाने आकडे जुळतात, हे खरं. स्पष्टीकरण मला पटत नाही. पदर खोचणारी, पंख्याखाली सरकणारी, दुपारी पूर्वेची खिडकी उघडणारी बाई अपेक्षा कमी करत नसते, ती काम करत असते. युरोपीय ऑफिसातसुद्धा प्रमाणित माणूस सगळ्यांना लागू पडतो असं नाही: २०१५ साली बोरिस किंग्मा आणि वाऊटर व्हान मार्केन लिख्टेनबेल्ट यांनी दाखवलं की गणितात धरलेली शरीराची उष्णता ही हलकं ऑफिसकाम करणाऱ्या तरुण स्त्रियांच्या बाबतीत ३५ टक्क्यांपर्यंत जास्त असू शकते. ऑफिसात शाल घेऊन बसणाऱ्या मैत्रिणींनो, ही तुमची नाजूक तब्येत नव्हे.

बदल होतोय. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने अहमदाबाद, बंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि शिमला या पाच शहरांतल्या १६ ऑफिस इमारतींमध्ये ६३३० उत्तरं गोळा केली आणि २०१४ साली भारताचं स्वतःचं मॉडेल मांडलं, 'आयमॅक'. त्यात बाहेरच्या गेल्या काही दिवसांच्या सरासरी तापमानावरून आतलं सुखाचं तापमान काढतात. बाहेरची सरासरी ३० असेल तर अमेरिकन सूत्र २७ म्हणतं आणि खिडक्या उघडणाऱ्या इमारतीसाठी आयमॅक २९. कधी एसी, कधी खिडकी अशा मिश्र इमारतीसाठी सव्वासव्वीस. २०१६च्या संहितेत हे मॉडेल आलं. १ जानेवारी २०२० पासून तारांकित घरगुती एसी सुरू केला की २४ अंशांवर सुरू होतो, तेही याच वादातून आलेलं एक पाऊल. आता हरित प्रमाणपत्रं देणाऱ्या पद्धतींत पंखा आणि खिडकी यांना किती गुण मिळतात, त्यावर पुढच्या वीस वर्षांत बांधल्या जाणाऱ्या शाळांना खिडक्या उघडता येतील की नाही हे ठरणार आहे. माझा प्रबंध त्या शाळांबद्दल आहे. नऊ वर्षांच्या मुलांचा आकडा अजून आपल्या संहितेत नाही. वर्गात मुलं युनिफॉर्ममध्ये असतात, उठायला परवानगी लागते आणि पंख्याचं बटण बाईंच्या हातात असतं.

घरी मोजून बघायचं असेल तर सामान फार लागत नाही. दोन साधे थर्मामीटर घ्या. एकाच्या टोकाला ओली सुती चिंधी गुंडाळा आणि पाच मिनिटं पंख्याखाली धरा, तो झाला ओला. दुसऱ्याचं टोक टेबल टेनिसच्या चेंडूला भोक पाडून आत बसवा आणि चेंडू काळा रंगवा. चेष्टा नाही, आतल्या मोजणीसाठी साधारण त्याच आकाराचा गोळा योग्य ठरतो हे हम्फ्रीज यांनी दाखवलंय. चेंडूला वीस मिनिटं द्या. मध्यम वेगाच्या पंख्याच्या बरोबर खाली बसला असाल तर वारा सेकंदाला मीटरभर धरा. आणि सूत्रात आकडे घालायच्या आधी, "आत्ता कसं वाटतंय?" याचं उत्तर घरातल्या प्रत्येकाकडून वेगवेगळ्या चिठ्ठीवर, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. स्वयंपाकघरात आहे तिच्याकडून आधी.